घरात घेतलेला जीव



शास्त्रात कुत्र्याचे नाव बहुधा हेटाळणीनेच आले आहे, आणि आपल्या बोलीत तर ती शिवीच आहे. तथापि लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून होता, तेव्हा त्याच्याजवळ कोण आले? घरातून कोणी मनुष्य आला, असे तेथे सांगितलेले नाही. कुत्री आली आणि त्याचे फोड चाटू लागली. टीकाकारांपैकी कित्येक म्हणतात की, ह्याने त्याची दुर्दशा अधिकच दिसते; कित्येकांस ह्यात मुक्या प्राण्याची दया दिसते. आम्हांस दुसरा अर्थ पटतो.

हल्ली काही कुटुंबे शहरातील प्राण्यांच्या आश्रयगृहातून कुत्र्याचे पिलू आणितात, व त्यास 'दत्तक घेणे' म्हणतात. हा शब्द ऐकून आमचे काही वडील मंडळी नाके मुरडितील. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना जो शब्द देवाच्या लेकरांविषयी योजिला, तो जनावरास कसा लावावा? जनावर व लेकरू एक नव्हेत, हे खरेच. परंतु त्या शब्दात एक अट आहे, ती येथेही लागू पडते: दत्तक परत करिता येत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही विधिपूर्वक झालेले दत्तविधान रद्द होत नाही, असेच आहे.

आश्रयगृहात जाणारा बहुधा सर्वांत गरीब, हात चाटणारे पिलू निवडितो. त्याचा तो शांतपणा कधी स्वभाव असतो, कधी निव्वळ भीती. पिंजऱ्यात भेदरलेला जीव अंग चोरून पडून राहतो, आणि पाहणारा म्हणतो, किती गुणी! घरी आल्यावर काही आठवड्यांनी भीती ओसरते. मग तेच पिलू चपला कुरतडते, रात्री रडते, नको तेथे घाण करिते, शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे धावते. तेव्हा "आम्ही आणिले ते हे नव्हे" म्हणून त्यास परत नेऊन टाकणारे आहेत. रस्त्यावर सोडणारेही आहेत. बंधूंनो, पिलू तेच आहे. आता ते तुम्हांस भीत नाही, इतकेच.

१८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचे सरकारने चालविले, तेव्हा पारशी लोक खवळून उठले व बाजार बंद पडले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद शहा ह्यांनी तेथे पांजरपोळ काढिली. लंडनात १८२४ साली जे प्राणीदया मंडळ निघाले, त्याचे संस्थापक आर्थर ब्रूम हे पाळक होते. मंडळाच्या कर्जापायी त्यांस तुरुंगात जावे लागले. दयेची किंमत कोणीतरी भरतोच.

आपल्या घरी ती किंमत पुढीलप्रमाणे आहे. शिळा तुकडा टाकिला म्हणजे पाळिले असे होत नाही. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास पिसाळरोगाची लस द्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा न चुकता देत जावी. वाढल्यावर नसबंदी करावी. दिवसभर साखळीने जखडून ठेवू नये. आणि पाळीव असो वा मोकाट, कुत्रे चावले तर जखमेवर मिरची, हळद, चुना काही लावू नये, मांत्रिकाकडे धावू नये. साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हा रोग एकदा अंगात प्रकट झाला म्हणजे औषध बहुधा चालत नाही, म्हणून इतक्या आग्रहाने लिहीत आहो.

कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक, जगते. आज पिलासाठी हट्ट धरणारा मुलगा पाचवीत असेल. कुत्रे म्हातारे होऊन त्याची दृष्टी मंदावेल, तेव्हा तो नोकरीसाठी परगावी असेल. मग त्यास भाकरी कोण घालील, हे पिलू आणण्याच्या आदल्या रात्रीच, कुटुंबप्रार्थनेनंतर सर्वांनी बसून ठरवावे. आजीसही विचारावे, बहुतेक घरी ती भाकरी अखेर तिच्याच हातची असते.