अनुक्रमांक आणि अवयवी

एकाच आराखड्याप्रमाणे घडलेल्या शेकडो वस्तूंपैकी एखादी वस्तू ‘तीच ही’ असे म्हणण्याला आधार कोणता, हा प्रश्न न्याय-वैशेषिक दर्शनाने आणि त्याच्या बौद्ध प्रतिपक्षाने फार सूक्ष्मपणे हाताळला आहे. अमेरिकेतील कारखान्यांत विसाव्या शतकाच्या मध्यास घडू लागलेली भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार या वादाला एक कठीण उदाहरण पुरवते. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे काढलेल्या गिटारींची मान अंगाला सरसाने चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली असे, त्यामुळे माना आणि अंगे वेगवेगळी घडवून नंतर जोडता येत, आणि कोणती मान कोणत्या अंगावर बसेल हे बहुधा जोडणीच्या वेळीच ठरे. १९५४ साली आलेल्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारीवर थोड्याच काळात अनुक्रमांक याच स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर येऊ लागला. परंतु पट्ट्या क्रमवार बसवल्या जात नसल्याने मोठा अंक म्हणजे नंतरची गिटार असा नियम त्यांतून निघत नाही, आणि जाणकार म्हणूनच मान सोडवून तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख पाहतात.

शास्त्रकार विशेषण आणि उपलक्षण असा भेद करतात. जे वस्तूत राहून तिला इतरांपासून वेगळे करते ते विशेषण, आणि जे तात्पुरती ओळख पटवून बाजूला होऊ शकते ते उपलक्षण. ‘ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, कारण कावळा उडाला तरी घर देवदत्ताचेच राहते. पट्टीवरचा क्रमांक हा असाच कावळा आहे, फरक एवढाच की तो उडून दुसऱ्या घरावर बसला तर खरेदीदार त्या दुसऱ्या घरालाच देवदत्ताचे समजतो. गिब्सन कंपनीच्या कॅलामाझू येथील गिटारींवर क्रमांक माथ्याच्या मागच्या लाकडातच ठसवला जाऊ लागला, पण १९६०च्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेल्याने तेथे अतिव्याप्तीचा, म्हणजे खूण इच्छित वस्तूबाहेरही लागू पडण्याचा, दोष शिरला. १९७७पासून आठ अंकी क्रमांकात वर्ष, वर्षातील दिवस आणि त्या दिवसाचा क्रम गुंफला गेला. त्याने जन्मवेळ नेमकी कळते, तरी जन्मवेळ म्हणजे वस्तू नव्हे.

मग वस्तू म्हणजे काय? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन जी दृष्टी मांडली तिच्याप्रमाणे चाके, आस आणि जू यांच्या आधाराने ‘रथ’ हे केवळ व्यवहारनाम चालते. गिटारही मान, अंग, पिकअप आणि तारा यांवर ठेवलेले नावच ठरेल. नैयायिक हे मान्य करत नाहीत. भागांत समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहणारे एक नवे द्रव्य असते, त्याला ते अवयवी म्हणतात, आणि एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते हा न्यायसूत्रांतील त्याच्या बाजूचा एक युक्तिवाद आहे. मान धरली की गिटार उचलली जाते, याला बौद्धांकडून मिळणारे उत्तर, की हा केवळ भागांच्या चिकटपणाचा परिणाम आहे, पुरेसे वाटत नाही. कारण तारेचे कंपन पिकअपने पकडून उमटणारा स्वर मान, अंग, तारा आणि पिकअप या सर्वांच्या एकत्र असण्यावर अवलंबून असतो आणि सुटा ठेवलेला कोणताही भाग तो निर्माण करत नाही.

मात्र अवयवी मानण्याची किंमतही मोजावी लागते. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, हा नैयायिकांचा सिद्धान्त मान बदललेल्या स्ट्रॅटोकास्टरला लागू केला, तर पट्टीवरचा अंक आता नसलेल्या द्रव्याचे नाव सांगत राहतो. याउलट फेंडरच्या कारखान्यात १९५०च्या दशकात माना घडवणाऱ्या तादेओ गोमेझ यांची पेन्सिलीतली आद्याक्षरे मानेवर सापडतात. ती मानेसोबत दुसऱ्या अंगावर जातात, आणि घडवणाऱ्या हाताविषयी ती जे सांगतात ते तेथेही खरेच असते, कारण ती संपूर्ण गिटारीविषयी काहीच सांगत नसतात.