श्वेतवाराह कल्पाचा हिशोब

२० मे २०२५ रोजी पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या वर्षीच्या गणपतीत नामपूरच्या एका गल्लीतल्या मंडळानं ठरवलं, की यंदा ऑर्केस्ट्रा नको, एक व्याख्यान ठेवू. विषय: हे विश्व आलं कुठून? बाहेरचा वक्ता आणायचा तर मानधन आलं, गाडीभाडं आलं. गल्लीतलीच एक मुलगी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि गौरीला घरी येणार होती. तिलाच निरोप गेला.

ती एस.टी.तून उतरली तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला होता. त्यावर तिच्या नावाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षे, पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, आमच्या ऋषींना सगळे ठाऊक होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "ताई, तू फक्त हे आकडे नीट समजावून सांग. टाळ्या आपोआप पडतील."

संध्याकाळी तिचे शाळेतले विज्ञानाचे सर घरी आले. निवृत्त झाले होते, तरी बोलण्यातली धग तशीच होती. याच सरांनी तिला आठवीत गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवले होते. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "पोरी, स्टेजवरून एकदा स्पष्ट सांगून टाक. पुराणातली सृष्टी म्हणजे भाकडकथा. कमळ काय, अंडं काय! विज्ञानानं सगळं सिद्ध केलंय, आता शंकाच उरलेली नाही. एवढं ऐकवलंस तरी गावावर उपकार होतील."

दोघांनाही ती नाही म्हणू शकली नाही. मंडळाच्या स्टेजवर याआधी गल्लीतल्या कोणा मुलीला बोलायला बोलावलं नव्हतं. आणि सरांचं ऋण तर होतंच. रात्री तिनं भाषण लिहायला घेतलं आणि दोघांनाही रुचेल असा मेळ घातला. सुरुवातीला ४३२ आणि ४५४ हे आकडे, मग महास्फोट, शेवटी अंधश्रद्धेवर एक कडक परिच्छेद. आकडे दोन्ही खरे होते, तेव्हा आपण खोटं काही बोलत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

ओसरीवर आप्पा जागेच होते. तिचे आजोबा, सत्तरी ओलांडलेले. उभा जन्म मोसम नदीच्या काठी कांदा पिकवण्यात गेला, आणि दर चातुर्मासात भागवताची पोथी. तिनं त्यांना भाषण वाचून दाखवलं. आप्पांनी पहिल्याच पानावर तिला थांबवलं.

"हे कसाले?" घरातलं बोलणं अहिराणीत, पण नातीशी ते हळूहळू शाळेतल्या मराठीवर येत. "ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटींचा, बरोबर. पण तो दिवस अजून चालू आहे ना? सरला किती?"

"ते कुठं दिलंय, आप्पा?"

"गुरुजी रोज सांगतात, आपण ऐकत नाही. परवा गणपती बसवताना संकल्पात काय म्हणाले? श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग. म्हणजे घड्याळात किती वाजले तेच सांगितलं. मांड हिशोब."

तिनं मोबाइल काढला. आप्पा पोथीतली मोजमापं सांगत गेले, ती बेरीज करत गेली. वैवस्वत मन्वंतर सातवं, म्हणजे सहा पूर्ण झाली. एकेक मन्वंतर ३० कोटी ६७ लाख २० हजार वर्षांचं. त्यांना जोडणारे संधिकाळ सात, प्रत्येकी १७ लाख २८ हजारांचा. चालू मन्वंतरातली महायुगं सत्तावीस, एकेक ४३ लाख २० हजारांचं. त्यावर अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर ही तीन युगं आणि कलियुगाची पाच हजारांवर थोडी वर्षं. बेरीज आली १९७ कोटी २९ लाख.

"बघ," आप्पा म्हणाले, "पोथीप्रमाणे ब्रह्मदेवाच्या दिवसाची अजून दुपारसुद्धा झालेली नाही. चालू सृष्टीला १९७ कोटी वर्षं झाली. तुझी पृथ्वी ४५४ कोटींची. जुळलं कुठं?"

ती आकड्यांकडे बघत राहिली. फ्लेक्सवर एका बाजूला पुऱ्या दिवसाची लांबी होती आणि दुसऱ्या बाजूला पृथ्वीनं आतापर्यंत जगलेलं आयुष्य. दोन्ही आकडे खरे, पण ते एकाच गोष्टीचं माप नव्हते. शिवाय व्याख्यानाचा विषय विश्व, आणि विश्वाचं वय तर आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे १३८० कोटी वर्षं. म्हणजे फ्लेक्सनं विश्वाला हातच लावला नव्हता.

"मग पोथी चुकली म्हणायची का, आप्पा?" तिनं जपून विचारलं.

"पृथ्वीचं वय काढायला मी पोथी वाचत नाही, बेटा. ब्रह्मदेवाचा एक दिवस एवढा मोठा, तर माझी सत्तर वर्षं किती, हे ध्यानात राहावं म्हणून वाचतो. बांधावरून भावाशी भांडण निघालं तेव्हा मला ते कामी आलं. पण पोथीतला अर्धाच आकडा उचलायचा आणि वर ठेवायचा, हे मला पटत नाही. लिलावात ट्रॉलीच्या वरच्या थराला मोठा कांदा लावला आणि खाली गोल्टी दडवली, तर बोली चांगली लागते. खळ्यावर ट्रॉली ओतली की वांधा निघतो. पुढच्या वेळी त्या माणसाच्या चांगल्या मालालाही कुणी भाव देत नाही. पोथीचं तसं होऊ देऊ नको."

मला हा म्हातारा फार मोठा वाटतो. पोथीवर त्याचा जीव होता, म्हणूनच तिच्या बाजूनं दिलेली खोटी साक्ष त्याला चालली नाही. असं वागणारा तो पहिलाच नाही. आप्पांचं बोलणं ऐकताना नातीला अशाच दुसऱ्या एका माणसाची आठवण झाली, आणि तिनं ती हकिगत त्यांना तिथंच सांगितली.

विश्व प्रसरण पावत आहे आणि मागं मागं गेलं तर ते अतिशय दाट अशा एका अवस्थेतून निघालं असावं, ही कल्पना ज्यांनी मांडली ते जॉर्ज लमेत्र बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू होते. १९२७ साली त्यांनी प्रसरणाचं गणित मांडलं, १९३१ साली 'आदि अणू'ची कल्पना. अंगावर पाद्र्याचा झगा आणि हातात आइन्स्टाइनची समीकरणं. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात नव्या विज्ञानाचा हवाला देऊन सांगितलं, की विश्वाला आरंभ आहे, अर्थात त्याला निर्माताही आहे. खुद्द पोप आपल्या सिद्धांताला उचलून धरताहेत म्हटल्यावर कुठलाही धर्मगुरू हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, त्यातून देव सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धेनंही बदलायचं का? आणि श्रद्धा वाचवायची म्हणून सिद्धांत तपासायचाच नाही का?

"पाद्री होता म्हणतेस?" आप्पांनी विचारलं. "भला माणूस."

तिनं भाषण फाडलं आणि पहाटेपर्यंत दुसरं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अध्यक्षाकडे गेली आणि हिशोब त्याच्यापुढं मांडला. तो चिडला. फ्लेक्सला पैसे पडले होते. पण आप्पा बरोबर होते, आणि आप्पांच्या पोथीच्या अभ्यासावर बोट ठेवायची गावात कुणाची छाती नव्हती. दुपारी फ्लेक्सवरच्या आकड्यांच्या ओळीवर कोरा कागद चिकटला.

रात्री आरतीनंतर माणसं बसली. ती महास्फोटाबद्दल बोलली, पण आधी त्याचे पुरावे सांगितले. १९२९ साली एडविन हबल यांनी दाखवलं, की दीर्घिका जितक्या दूर तितक्या वेगानं आपल्यापासून दूर जाताहेत. १९६५ साली अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांचा शोध जाहीर झाला. त्यांच्या अँटेनाला सगळ्या दिशांनी एकसारखी खरखर ऐकू येत होती. आधी वाटलं, अँटेनात कबुतरांनी घाण केलीय. ती साफ केली, तरी खरखर गेली नाही. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आता थंड होत होत उणे २७० अंशांवर येऊन आपल्यापर्यंत पोचतोय, तीच ती खरखर. "जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना," ती म्हणाली, "त्यातला थोडासा वाटा या प्रकाशाचा होता. आपल्या घराघरांत तो येऊन गेला." बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मुंग्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. लमेत्र यांना या शोधाची बातमी १९६६ साली, मरणाच्या थोडं आधी कळली, हेही तिनं सांगितलं.

मग ती नारळीकरांकडे आली. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस केंब्रिजला फ्रेड हॉयल यांचा विद्यार्थी झाला. हॉयल यांनीच १९४९ साली रेडिओवर बोलताना त्या सिद्धांताला महास्फोट हे नाव दिलं, आणि तो सिद्धांत त्यांना मुळीच मान्य नव्हता. नारळीकरांनाही अखेरपर्यंत पटला नाही. विश्वाला आरंभ नाही, ते कायम आहे आणि त्यात नवं द्रव्य निर्माण होत राहतं, या विचारावर गुरुशिष्यांनी काम केलं. १९६५ चा शोध त्यांच्या विरोधात गेला. १९९३ साली त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांनी तोही स्वीकारला नाही.

पुढच्या रांगेत बाजार समितीतले एक जैन शेठ बसले होते. त्यांचा चेहरा खुलला. "बघा, आमच्याकडे हेच सांगितलंय. जग कुणी घडवलंच नाही, ते अनादी-अनंत आहे. म्हणजे नारळीकर आमच्याच बाजूचे."

अध्यक्ष हसला. त्याला वाटलं, आता ही अडकली.

"शेठजी," ती म्हणाली, "काल मी अशीच जुळवाजुळव करणार होते, आप्पांनी अडवलं. नारळीकर समीकरणांतून तिथं पोचले. उद्या त्यांचं गणित चुकलं असं पुरतं सिद्ध झालं, तर तुम्ही तुमचं तत्त्वज्ञान सोडाल का?"

"छे!"

"मग त्यांच्या गणिताच्या आधारावर ते उभं कशाला करायचं? मांगीतुंगीच्या डोंगरात ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती एकाच दगडात घडवली, २०१६ साली तिची प्रतिष्ठापना झाली. तो काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दगडाचं वय कळलं म्हणून तुमचे हात जोडायचे राहतात का?"

शेठ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही राहत. बोल पुढं."

आता सर उभे राहिले. "म्हणजे पुराणं निकालात निघाली, एवढं तरी कबूल कर. विज्ञानानं सगळं सांगितलंय."

"सगळं नाही सांगितलं, सर." तिचा आवाज इथं थोडा कापला. "महास्फोटाचा सिद्धांत विश्व कसं फैलावलं, कसं निवलं, दीर्घिका कशा झाल्या हे सांगतो. अगदी शून्य क्षणापाशी गेलं की समीकरणं मोडतात. तिथं गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना जोडणारा सिद्धांत लागेल, तो अजून हाती नाही. आणि जुन्या ग्रंथांत उत्तरंच उत्तरं आहेत असंही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं नासदीय सूक्त विचारतं, की ही सृष्टी कुठून आली हे कुणाला खरंच ठाऊक आहे का? देवसुद्धा मागाहून आले. जो वरून बघतो त्याला तरी ठाऊक असेल, किंवा नसेलही. सर, हे विचारणाऱ्याला मी भाकड कसं म्हणू? गच्चीवर तुम्ही मला असेच प्रश्न विचारायला लावायचे."

सर बसले. रागावले होते, पण उठून गेले नाहीत.

शेवटी अध्यक्षानंच विचारलं, आणि आता त्याच्या आवाजात खोच नव्हती. "मग ताई, नारळीकर चुकले असं तुझं म्हणणं, तर आपण त्यांच्या नावानं कार्यक्रम का केला?"

"त्यांचा सिद्धांत मला पटत नाही. पुरावा दुसरीकडे झुकतो, असं मला वाटतं. पण आपल्याला न पटलेली गोष्ट सगळं जग म्हणतं म्हणून त्यांनी मान्य केली नाही, आणि आपलं खरं ठरावं म्हणून पुरावा दडवलाही नाही. पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथं त्यांच्या विरुद्ध मताच्या लोकांनीही मोकळेपणानं काम केलं. मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ साली आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते."

प्रश्न संपेनात. एका पोरानं विचारलं, प्रकाश थंड कसा होतो. आप्पांनी विचारलं, स्फोटाच्या आधी काळ तरी होता का. ती म्हणाली, "माहीत नाही, आप्पा. अजून कुणालाच माहीत नाही." आप्पांनी मान डोलावली आणि तो प्रश्न कुठंतरी लिहून ठेवायला सांगितलं.

विसर्जनानंतर वर्गणीतले थोडे पैसे उरले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली करतात, असं नातीनं सांगितलं होतं. मंडळानं गाडी ठरवली. यादीत पहिलं नाव आप्पांनी लिहिलं, दुसरं शेठनी. सरांनी आपलं नाव लिहिताना खाली एक ओळ वाढवली: तिथल्या शास्त्रज्ञांना विचारायचे प्रश्न प्रत्येकानं वहीत लिहून आणावेत. अध्यक्षानं आप्पांना विचारलं, "तुमचा प्रश्न काळाचाच ना?" आप्पा म्हणाले, "तो आहेच. आणखी चार झालेत."