पदरचे पैसे देऊन मतदान

निवडणूक जवळ आली की सॅन फ्रान्सिस्कोसारख्या अमेरिकी शहरांत क्वीअर स्त्रियांच्या डान्स पार्ट्या होतात. दारात तिकिटाचे पैसे द्यायचे, मनगटावर कागदी पट्टी बांधून घ्यायची आणि आत जायचे. आत जाताना एका टेबलापाशी थांबावेच लागते. तिथे एखादी कार्यकर्ती मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन बसलेली असते. घर बदलले आहे का, नवा पत्ता नोंदवला आहे का, हे ती येणाऱ्या प्रत्येकीला विचारते. पलीकडे संगीताचा दणदणाट चालू असतो. जमलेला निधी मतदारांपर्यंत पोहोचण्याच्या कामाला लागतो.

मतदान हे गंभीर कर्तव्य, त्यात हा धांगडधिंगा कशाला, असे कुणी म्हणेल. पण या स्त्रियांच्या बाबतीत नाच आणि राजकारण पहिल्यापासूनच एकत्र आहेत. १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोतच आठ जणींनी 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' हे मंडळ काढले. तेव्हा त्यांची मागणी एवढीच होती, की पोलिसांच्या धाडीची धास्ती न बाळगता आपल्याला एकमेकींबरोबर नाचता यावे. धाडीत सापडणे म्हणजे अब्रू आणि नोकरी दोन्ही पणाला लागणे. नाचायला जागा शोधणाऱ्या या मंडळातून अमेरिकेतली लेस्बियन हक्कांची पहिली संघटना उभी राहिली. संस्थापकांपैकी डेल मार्टिन आणि फिलिस लायन ही जोडी पुढे निवडणुकीच्या राजकारणातही उतरली.

कॅलिफोर्नियात उमेदवारांबरोबर प्रस्तावांवरही थेट मतदान होते. १९७८ मध्ये समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. कार्यकर्ते दारोदार फिरले. अनेकांनी आईवडिलांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना आपली खरी ओळख पहिल्यांदाच सांगितली. सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. २००८ मध्ये मात्र उलटे घडले. त्या वर्षी १६ जून रोजी मार्टिन आणि लायन यांचे कायदेशीर लग्न लागले. एकीचे वय ८७, दुसरीचे ८३, आणि सोबत अर्ध्या शतकाहून अधिक. ऑगस्टमध्ये मार्टिन वारल्या. नोव्हेंबरमध्ये, ज्या दिवशी कॅलिफोर्नियाने ओबामांना भरघोस मते दिली, त्याच दिवशी ५२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाह बंद करणारा प्रस्ताव मंजूर केला.

दुसऱ्याच्या लग्नाचा निकाल हात मोजून लावावा का? माझ्या मते लावू नये. मूलभूत हक्क बहुमताच्या मर्जीवर टांगता ठेवणे हाच मुळात अन्याय आहे. पण प्रश्न मतपत्रिकेवर आलाच, तर तत्त्वाकडे बोट दाखवून घरी बसण्याची चैन ज्यांचा हक्क पणाला लागला आहे त्यांना परवडत नाही. शिवाय अल्पसंख्याकांचे गणित नेहमीच बिकट असते. आपली सगळी मते पडली तरी बहुमत होत नाही. पार्टीला कधीच न येणारा शेजारी सोबत यावा लागतो. म्हणून अशा पार्टीचे यश आत किती जणी नाचल्या यापेक्षा जमलेल्या निधीतून बाहेरची किती दारे वाजवली गेली, यावर जोखावे.

यात एक गोष्ट आपण मुद्दाम पाहावी. या पार्ट्यांत पैसा मतदाराच्या खिशातून निघतो. मतदान केल्याबद्दल मोबदला देणे अमेरिकेच्या संघीय कायद्याला मंजूर नाही. २००८ मध्ये मतदान करून येणाऱ्यांना फुकट कॉफी देऊ करणाऱ्या स्टारबक्सला कायद्याची आठवण होताच ती मागेल त्या प्रत्येकाला द्यावी लागली. एक कप कॉफीचीही अडचण होते! आपल्याकडे मात्र मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात, जेवणावळी उठतात, आणि 'घेतले तर बिघडले कुठे?' असे चारचौघांत विचारले जाते. बिघडते ते इथेच. मताचे पैसे घेणाऱ्याने आपला हिशेब निवडणुकीआधीच मिटवलेला असतो. नंतर जाब विचारायला त्याला तोंड उरत नाही. पदरचे पैसे खर्चून दुसऱ्याला मतदानाची आठवण करून देणारी बाई मात्र निकालानंतरही जाब विचारायला मोकळी राहते.

अल्पसंख्याकांच्या हक्काचा हा प्रश्न आपल्याकडेही आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळाचा ठरवला. म्हणजे चेंडू संसदेत गेला, आणि संसद आपल्या मतांनी बनते. तेव्हा पुढची निवडणूक येण्याआधी मतदार यादीत आपले नाव तपासा. कुणी पाकीट पुढे केले तर परत करा. आणि उमेदवार दारात आला की आपल्या गल्लीच्या गटाराबरोबर एक प्रश्न आणखी विचारा : ज्यांची संख्या थोडी आहे, त्यांच्या हक्कासाठी तुम्ही सभागृहात हात वर कराल का?