पूररेषेतले घर आणि करुणा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या प्राचीन स्तूपाच्या अवशेषांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे. अवकाळी पावसात सात दिवस या नागाने बुद्धावर फणा धरला, अशी कथा आहे. पण नाग एकटा होता आणि समोर एकच जण भिजत होता. हजारो घरांचा नकाशा मंजूर करणाऱ्या नगरपरिषदेला करुणा शक्य तरी आहे का? करुणा माणसाच्या मनात असते आणि नियम सर्वांना सारखा असावा लागतो, म्हणून अनेकांना या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात. मला तसे वाटत नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवून हरलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या धम्मग्रंथात प्रज्ञा आणि करुणा हे बुद्धाच्या धम्माचे दोन आधार मानले. जमिनीवर रेषा आखणाऱ्यालाही हे दोन्ही लागतात, आणि तेही रेषा आखण्याआधी.

आपल्या कायद्याला हे थोडेफार कळलेले आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, त्या ऐकून घ्याव्या लागतात. एखादी जमीन आरक्षित ठेवून १० वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण संपते. कुणाचे आयुष्य अनिश्चित काळ टांगून ठेवणे हा अन्याय आहे, हे कलम १२७ ने मान्य केले. पण नोटीस देणार कोण? ज्याला कलम माहीत आहे आणि वकिलाची फी परवडते, तो. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकलेल्या बाईला राजपत्रातली सूचना आणि कार्यालयात लावलेला रंगीत नकाशा दिसतच नाही. तिची हरकत आली नाही, म्हणून तिची हरकत नाही असे धरले जाते. नकाशा तिच्या वस्तीत नेऊन, तुझे घर कुठल्या पट्ट्यात पडते हे तिला समजावून सांगण्याने एकाही नियमाला बाधा येत नाही. करुणेची सुरुवात इथून होते.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वैनगंगेच्या पुराचा आहे. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट २०२० अखेरच्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरले. अशा जागी दया दाखवून बांधकाम होऊ देणे म्हणजे लोकांना पाण्यात ढकलणे, हे म्हणणे खरे आहे. बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने तर हळहळीला करुणेचा जवळचा शत्रू म्हटले आहे, कारण ती करुणेसारखी दिसते आणि काम बिघडवते. म्हणून रेषा पुसू नये. पण रेषेतल्या घराला पर्यायी भूखंड तयार होण्याआधी हात लावू नये. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणासाठी पाणी अडवताना पुनर्वसनाची जबाबदारी राज्याने स्वीकारली. ती नीट पार पडली की नाही हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, पण जबाबदारी नाकारता आली नाही. पूररेषेबरोबर ती आपोआप येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की अनधिकृत घरांना सवलत दिली तर रीतसर परवानगी घेऊन घर बांधणाऱ्यावर अन्याय होतो आणि सवलत शेवटी वशिल्याने मिळते. नगरसेवकाच्या दारात मागावी लागणारी दया माणसाला मिंधे करते, ती नकोच. उपाय हा, की सवलत नियमात लिहावी: ठरलेली तारीख, ठरलेले शुल्क आणि सर्वांना तीच अट. गुंठ्यांत पाडलेले अनधिकृत भूखंड नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाची दिशा हीच आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, रस्ता, नदी अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामे वगळता, घर पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, ती किमान मर्यादा झाली. भंडारा, तुमसर आणि पवनीच्या नगरपरिषदांनी याच्या पुढे जावे. आराखड्याच्या प्रत्येक मसुद्यासोबत त्याने बाधित होणाऱ्या घरांची संख्या आणि ती माणसे कुठे राहतील, याचे लेखी उत्तर जोडावे. हे उत्तर नसेल, तर सभागृहाने तो मसुदा परत पाठवावा.