आकडा आयनाचा की भेटीचा?

गुण वस्तूच्या अंगचा असतो, की दुसऱ्या वस्तूशी गाठ पडल्यावरच उद्भवतो? वैशेषिक दर्शनाच्या मते गुण द्रव्यात समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने वस्तूला स्वतःचा असा स्वभावच नाकारला. हा वाद नुसत्या शब्दांवर सोडून देण्याजोगा नाही. तो तपासायला धातूंच्या आयनांची जलयोजन एन्थाल्पी हे उत्तम ठिकाण आहे. वायुरूप आयन पाण्यात उतरला की पाण्याचे रेणू त्याला वेढतात आणि उष्णता बाहेर पडते. तिचेच हे माप. तक्त्यांत लिथियमसाठी मोलमागे उणे 520 किलोज्यूलच्या आसपास आकडा सापडतो, सोडियमसाठी उणे 405, पोटॅशियमसाठी उणे 320. आयन मोठा झाला की उष्णता घटते. भार वाढला की झपाट्याने वाढते, इतकी की तीन भारांचा ॲल्युमिनियम उणे 4,600 च्या पलीकडे जातो.

पण यातला एकही आकडा एकट्या आयनाचा म्हणून थेट मोजलेला नाही. नुसते सोडियम आयन बाटलीत भरता येत नाहीत, सोबत क्लोराइडसारखा जोडीदार लागतोच. मोजता येते ती जोडीची बेरीज, आणि ती दोघांत वाटायची तर काहीतरी गृहीत धरावे लागते, बहुधा प्रोटॉनचे, म्हणजे हायड्रोजन आयनाचे, मूल्य. जुन्या तक्त्यांत ते उणे 1,091 आहे. पाण्याच्या लहान रेणुपुंजांतील आयनांच्या अभ्यासातून 1998 साली ते उणे 1,150 निघाले. फरक लहान नाही. तरीही प्रोटॉनचा आकडा सरकला की एका भाराचे सगळे धन आयन तेवढेच सरकतात, दोन भारांचे दुप्पट. लिथियम आणि सोडियममधले सुमारे 115 चे अंतर जसेच्या तसे राहते. सुटा आकडा डळमळतो, आकड्यांमधला कल मात्र पक्का असतो. यावर कोणी म्हणेल, ही मोजमापाची मर्यादा झाली. आयनापाशी त्याचे खरे मूल्य आहेच. असेलही. पण मीठ विरघळण्यापासून विद्युतघटापर्यंत कोणत्याही व्यवहाराचा हिशेब त्या सुट्या मूल्यावाचून पुरा होतो. ज्याच्यावाचून काहीच अडत नाही, त्याला वस्तूचे सार म्हणणे मला पटत नाही.

मग नागार्जुनाचाच पक्ष खरा मानायचा का? इथे दुसरा पुरावा आडवा येतो. कॅल्शियमपासून जस्तापर्यंत दोन भारांचे आयन एकंदरीत लहान होत जातात, तेव्हा एन्थाल्पी एका सरळ रेषेत वाढायला हवी. प्रत्यक्षात आलेखाला दोन उंचवटे येतात. कॅल्शियम, मँगनीज आणि जस्त तेवढे रेषेवर राहतात. भौतिकशास्त्रज्ञ बेथे यांनी 1929 मध्ये मांडलेल्या स्फटिकक्षेत्र सिद्धान्तावरून रसायनशास्त्रज्ञ लेस्ली ऑर्गेल यांनी 1952 मध्ये याचा उलगडा केला. निकेलच्या हिरव्या द्रावणाचा वर्णपट घेतला की पाण्याच्या सहा रेणूंमुळे डी-कक्षकांच्या ऊर्जेत किती दुफळी पडते ते कळते, आणि त्यातून निकेलला मिळणारे स्थैर्य सुमारे 120 किलोज्यूल भरते. तेवढे वजा केले की निकेल रेषेच्या अगदी जवळ येतो. मोजला प्रकाश आणि उलगडा झाला उष्णतेचा, म्हणून हा पुरावा मला इतका वजनदार वाटतो. ही दुफळी एकाकी आयनात नसते, ती पाणी आल्यावरच पडते. पण निकेलचे आठ डी-इलेक्ट्रॉन पाण्याने दिलेले नाहीत. तेच सहा रेणू मँगनीजला किंवा जस्ताला हा लाभ देऊ शकत नाहीत, कारण त्यांचे पाच आणि दहा इलेक्ट्रॉन कक्षकांत सारखे वाटले गेलेले असतात.