नफा आणि विश्वस्तपण

नफ्याची इच्छा नसेल तर कोणी भांडवल जोखमीत घालत नाही. मग फळाची आसक्ती सोडायला सांगणारी गीता नव्या व्यापाऱ्याने कशी वाचावी? तिच्या अठराव्या अध्यायात शेती आणि गोरक्षणाबरोबर वाणिज्यही स्वभावजन्य कर्म मानले आहे. म्हणजे हिशेब आणि जोखीम त्याज्य नाहीत. प्रश्न मालकीच्या अहंकाराचा आहे.

हा अहंकार सोडता येतो, हे एका व्यापाऱ्याच्या आयुष्यात दिसते. राजस्थानच्या सीकर भागातल्या काशी का बास गावी १८८९ साली जमनालाल बजाज जन्मले आणि लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराजांच्या घरी दत्तक आले. शाळा थोडकीच झाली. धंदा ते पेढीवर शिकले. तरुणपणी खटका उडाला, तेव्हा त्यांनी पत्र लिहून साऱ्या संपत्तीवरचा हक्क सोडला. पुढे समेट झाला. पण धंदा वाढवण्याआधीच तो सोडून देण्याची ही तयारी त्यांच्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग होती.

गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेनुसार धन धनिकाच्या हाती समाजाची ठेव म्हणून असते. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले करताना जमनालालांनी हाच विचार आचरणात आणला. तरीही विश्वस्तावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न उरतोच, आणि डॉ. आंबेडकरांनी या कल्पनेवर कठोर टीका केली. त्यामुळे मालकाच्या सद्भावनेवर सारे सोपवता येत नाही. विश्वस्तपण खरे ठरायचे तर पहिल्या दिवसापासून कीर्द-खतावणी उघडी हवी आणि कामगाराची मजुरी नफ्याच्या आधी चुकती व्हायला हवी.