आवेश खरा, ज्ञान अपुरे

(शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १८:२४ ते १९:७)

एखाद्याचा भाव खरा असेल, तर त्याच्या ज्ञानातील उणिवेकडे दुर्लक्ष करावे काय? ‘मन शुद्ध आहे ना, मग पुरे’ असे आपण सहज म्हणून जातो. उलटपक्षी, ज्ञान अपुरे दिसताच समोरच्याची श्रद्धाच खोटी ठरविणारेही मंडळीत असतात. वाचकहो, लूकने इफिस येथील दोन प्रसंग एकापुढे एक नमूद करून या दोन्ही वृत्तींना विचार करावयास लावले आहे.

अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा यहूदी. वक्ता, शास्त्रपारंगत आणि आत्म्याने आवेशी. येशूविषयी तो नीट शिकवीत असे. परंतु त्याला ठाऊक होता तो केवळ योहानाचा बाप्तिस्मा. त्याची शिकवण खोटी होती, असे लूक म्हणत नाही. ती अपुरी होती, एवढेच दाखवितो.

हे अपुरेपण कोणते? योहानाचा बाप्तिस्मा पश्चात्तापाचा, येणाऱ्या प्रभूसाठी वाट तयार करणारा होता. ख्रिस्ती बाप्तिस्म्यात पश्चात्ताप आहेच. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दाखवितो त्याप्रमाणे त्यात ख्रिस्ताच्या मरणाशी व पुनरुत्थानाशी जडलेले नाते आहे. पश्चात्ताप करणारा मनुष्य देवाकडे वळतो. ख्रिस्ती बाप्तिस्मा त्याला हेही सांगतो की, देव अगोदरच त्याच्याकडे आला आहे. हे ज्याला उमगले नाही, त्याला आपल्या भक्तीचा दिवा स्वतःच्याच तेलावर जळत ठेवावा लागतो; आणि ते तेल केव्हातरी संपते.

आता प्रिस्किल्ला व अक्विला यांच्याकडे पाहा. हे दांपत्य राहुट्या करण्याचा धंदा करणारे. सभास्थानात त्यांनी अपुल्लोसाचे भाषण ऐकले व उणीव ओळखली. पण चारचौघांत त्याला अडविले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. एवढा विद्वान पुरुष कष्टकरी घरात, एका स्त्रीकडूनही, शिकावयास बसला! त्याच्या आवेशाच्या खरेपणाची याहून मोठी खूण नाही. ज्याला सत्य हवे असते तो सुधारणेने दुखावत नाही. ज्याला स्वतःचा मान हवा असतो तो दुखावतो. पुढे हाच अपुल्लोस अखयातील विश्वासणाऱ्यांना मोठा आधार झाला.

पुढच्याच अध्यायात पौलाला सुमारे बारा शिष्य भेटतात. त्यांचाही बाप्तिस्मा योहानाचाच. पवित्र आत्म्याविषयी तर त्यांनी ऐकलेही नव्हते. त्यांना प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा देण्यात आला. अपुल्लोसाला पुन्हा बाप्तिस्मा दिल्याचे मात्र लूक लिहीत नाही. तेव्हा सर्वांना एकाच मापाने मोजण्याची घाई करू नये. पौलाने आधी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, मग शिकविले.

केवळ आवेश किती घातक ठरतो, हे पौलाहून अधिक कोणास ठाऊक असणार? मंडळीचा छळ त्याने आवेशानेच केला होता. म्हणून प्रामाणिकपणा ही सत्याची जागा घेणारी वस्तू नव्हे. सत्याचे बी रुजावे अशी ती जमीन आहे. जमीन उत्तम म्हणून पेरणीच केली नाही, तर पीक कसे येणार?

हा प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. आजारातून बरा झालेला कोणी बाप्तिस्मा मागतो. त्याच्या मनात कदाचित नवस फेडण्याची कल्पना असेल. त्याला हसून परत पाठवावे काय? की काहीही न शिकविता पाण्याजवळ न्यावे? दोन्ही मार्गांत त्याच्यावर अन्यायच आहे. त्याला घरी बोलवावे, जेवू घालावे, शास्त्र उघडून बसावे. यास वेळ लागतो, आणि तोच द्यावयास आपण कचरतो.

बाप्तिस्म्याच्या रीतीविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीने बालकांचा व विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचा, अशा दोन्ही रीतींना स्थान दिले. मतभेद असूनही एका मेजाभोवती बसता येते, याची ही साक्ष आहे. परंतु रीत कोणतीही असो, अर्थ न शिकविण्यास ती सबब होऊ शकत नाही.

आणि आपले स्वतःचे काय? विवाह ठरला की ज्यांना बाप्तिस्म्याचा दाखला आठवतो, अशांची घरे थोडी नाहीत. अपुल्लोसाजवळ आवेश होता, ज्ञान अपुरे होते. आपल्याजवळ शिकवण आहे, पण आवेश कोठे आहे? त्याची उणीव एका घरच्या संभाषणाने भरून निघाली. आपली उणीव भरून निघण्यासाठी आपण कोणाच्या घरी शिकावयास बसण्यास तयार आहोत? कदाचित ज्या नवख्याला आपण शिकवावयास निघालो, त्याच्याच घरी.